मुंग्या येतात, व्हीसीआर मधेच थांबतो : लायब्ररीतली जुनी कॅसेट 'गेली' म्हणण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते बघून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे.

सगळ्यात जास्त वेळा होतं ते असं की कॅसेट घातली, चित्र आलं, दोन-चार मिनिटं बरं चाललं आणि मग मुंग्यांचा, म्हणजे वळवळणाऱ्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक पट्टा पडद्यावर सरकायला लागला, बघता बघता अख्खा पडदा मुंग्यांनी भरला, पण आवाज मात्र खणखणीत. दुसरं म्हणजे आवाजच लहरतो, भाषण देणाऱ्याचा गळा मधेच जाड होतो, मधेच बारीक. तिसरं, प्ले दाबलं की पाच-दहा सेकंदांत व्हीसीआर आपोआप थांबतो किंवा कॅसेट बाहेर ढकलतो आणि बाहेर येते तेव्हा टेप लोंबकळत असते. चौथं, आतून चूंऽऽ असा किंचाळल्यासारखा आवाज येतो. पाचवं, चित्र काळंपांढरं दिसतं आणि वर वर पळत राहतं. आणि सहावं, कॅसेट घालायच्या आधीच तिच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरं काहीतरी दिसतं. हे सहावं असेल तर व्हीसीआरला हातच लावू नका, थेट खाली बुरशीचं लिहिलंय तिथे जा.

मी नोकरीला लागण्याआधी टीव्ही-व्हीसीआर रिपेअरिंगच्या दुकानात हाताखाली होतो, नंतर कॉलेजच्या लायब्ररीत परिचर म्हणून लागलो, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हे दुखणं दरवर्षी ठरलेल्या वेळी येतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा, आणि मग जुलैपासून तीन महिने दमट हवा. दिवाळीनंतर कुणीतरी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या तयारीसाठी नाहीतर हीरक महोत्सवासाठी जुनं शूटिंग शोधायला कपाट उघडतं आणि मला फोन येतो, "भाऊ, सगळ्या कॅसेटी गेल्या हो, निर्लेखनात टाकायच्या का?"

सगळ्या गेलेल्या नसतात. एका कॉलेजात मी स्वतः बघितलंय, पहिली कॅसेट बुरशी आलेली होती, ती त्यांनी तशीच व्हीसीआरमध्ये घातली, तिची घाण हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला बसली, मग दुसरी घातली तर मुंग्या, तिसरी घातली तर मुंग्या, चौथी तशीच, आणि संध्याकाळपर्यंत 'सर्व कॅसेट खराब' असा शेरा मारून पूर्ण ट्रंक भंगाराच्या ढिगात. हेड साफ केल्यावर त्यातल्या बहुतेक चालल्या. त्यात एक कॅसेट होती, लेबलवर निळ्या शाईने 'कानबाई, श्रावण' एवढंच (कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातली देवी), आणि आत एका अंगणात सात-आठ बाया अहिराणीत गाणी म्हणतायत, मागे कुणाचंतरी बाळ रडतंय. आज त्यातली एक बाईही नाही. म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय की दोष टेपचा आहे की मशीनचा हे ठरल्याशिवाय शेरा मारायचा नाही.

पैसे न लागणारी कामं आधी

सगळ्यात पहिलं काम, कॅसेटच्या पाठीवर म्हणजे लेबल चिकटवतो त्या कडेला डाव्या कोपऱ्यात एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तो स्क्रूड्रायव्हरने तोडून टाका. तो तुटला की त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग होतच नाही. तपासताना घाईत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं की जेवढी मिनिटं गेली तेवढी गेली, ती कुठलाही तज्ज्ञ परत आणत नाही.

मग एक परीक्षा कॅसेट ठरवा. कुठल्याही सिनेमाची, गेली तरी चालेल अशी, पण चांगली चालते हे माहीत असलेली. महत्त्वाची कॅसेट घालायच्या आधी प्रत्येक वेळी ती घालायची, पाच मिनिटं चालवायची, बाहेर काढून तिची टेप बघायची. ती नीट चालली तर मशीन ठीक, दोष तुमच्या कॅसेटमध्ये. तिलाही मुंग्या आल्या तर दोष मशीनमध्ये, आणि तुमची कॅसेट अजून निर्दोष आहे. निम्मं निदान या एका सवयीत होतं आणि हेच लोक करत नाहीत.

आता मुंग्या आहेत पण आवाज चांगला आहे, याचा अर्थ काय ते समजून घ्या. व्हीएचएसमध्ये, म्हणजे या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटीत, चित्र वाचतं ते तिरक्या गोल फिरणाऱ्या ड्रमवरचं हेड, आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही चित्राच्या पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. साधा आवाज मात्र टेपच्या वरच्या कडेला सरळ रेषेत असतो आणि तो एका जागी स्थिर असलेलं वेगळं हेड वाचतं. म्हणजे टेप पुढे सरकतेय, आवाज येतोय, फक्त चित्र नाही, तर बहुतेक वेळा फिरणाऱ्या हेडवर घाण बसलीय. टेप शाबूत आहे. दोन्ही एकदम लहरत असतील तर टेप ओढणाऱ्या भागात, म्हणजे पिंच रोलर (टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक) वगैरेकडे बघायचं.

मुंग्यांचा पट्टा एकाच जागी बसलेला असेल तर आधी ट्रॅकिंगचं बटण सावकाश दोन्हीकडे फिरवून बघा. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं ते मशीन आणि तुमचं मशीन यांचं थोडं जुळत नाही एवढंच असतं. केबल काढून परत लावा, टीव्ही एव्हीवर आहे का बघा, अँटेनाच्या वायरवरून चालवत असाल तर पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही केबल लावा. काळंपांढरं आणि पळणारं चित्र असेल तर ती कॅसेट बहुतेक अमेरिकेतून आलेली आहे, म्हणजे एनटीएससी पद्धतीची. आपलं पाल ६२५ रेषांचं, त्यांचं ५२५ रेषांचं. अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्याने पाठवलेल्या कॅसेटीत हे हमखास निघतं, खराब काहीच नसतं, फक्त दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर लागतो.

डोळ्यांनी बघायचं

कॅसेट उजेडात धरा. टॉर्च तिरका मारा. खिडकीतून गुंडाळीची कड दिसते, ती गुळगुळीत, एकसारखी काळी-तपकिरी दिसली पाहिजे. नंतर बाजूचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला आणि बाहेर दिसणारी टेप बघा, चुरगळलीय का, कड दुमडलीय का. टेपला बोट लावायचं नाही, हाताचं तेल तिथेच राहतं.

गुंडाळीच्या कडेवर लोणच्यावर येते तशी पांढरी, केसाळ नाहीतर खडूच्या भुकटीसारखी रेघ दिसली की ती बुरशी. हवेतला दमटपणा बरेच दिवस साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की ती धरते. अशी कॅसेट चालवायची नाही, रिवाइंडसुद्धा करायची नाही. चालवली तर बुरशी हेडला लागते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला, आणि हवेत उडते ती तुमच्या छातीत जाते. मास्क लावा, ती कॅसेट बाकीच्यांपासून दूर वेगळ्या खोलीत न्या, झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन आठवडे ठेवा म्हणजे बुरशी सुकून वाढायची थांबते, पुड्या मधे एकदा बदला. जेल न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका, आतला ओलावा आतच कोंडतो. उन्हात तर मुळीच ठेवायची नाही, आपल्याकडे धान्याला ऊन देतात म्हणून कॅसेटींनाही ऊन देणारे लोक मी बघितलेत, पण त्या उन्हाने कॅसेटचं कवच वाकतं आणि टेप कडेने लाटेसारखी होते. सुकवणं एवढंच आपलं काम. पुसणं आणि चालवणं दुसऱ्याचं, ते खाली येतं.

वासावरून घाबरू नका. आंबट व्हिनेगरसारखा वास हा जुन्या सिनेमाच्या ॲसिटेट फिल्मचा रोग, व्हिडिओची टेप पॉलिएस्टरची असते.

थांबणं आणि फिरवणं

थंड एसी खोलीतून कॅसेट पावसाळी हवेत आणली की तिच्यावर आणि ड्रमवर दव धरतं. ओल्या ड्रमला टेप चिकटली की गुंडाळून बसते. म्हणून ज्या खोलीत चालवायची तिथे कॅसेट आदल्या दिवशीच आणून ठेवा. काही व्हीसीआरवर दवाची खूण लागते आणि मशीन चालतच नाही, तेव्हा ते बिघडलंय म्हणून ठोकायचं नाही, चालू ठेवून दोन-तीन तास थांबायचं.

मग प्ले न दाबता कॅसेट एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि परत सुरुवातीपर्यंत रिवाइंड करा. वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी दाबून बसलेले थर असतात, उन्हाळ्यात फुगलेले, हिवाळ्यात आखडलेले, कुठे सैल कुठे घट्ट. तशाच अवस्थेत प्ले केलं तर ताण कमीजास्त होतो आणि चित्र वरच्या भागात वाकतं. मी दोनदा करतो. हे करताना चूं आवाज आला, वेग मंदावला, किंवा मोटर कण्हायला लागली तर लगेच थांबवा.

हेड साफ करणं

इथून पुढे हात काळे होतात. घाई असेल त्या दिवशी करू नका.

लागतं काय, तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरिंगचं सामान विकणाऱ्याकडे 'आयपीए' म्हटलं की देतात. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि सुगंध असतो. पेट्रोल, थिनर नको. आमच्या दुकानात तेव्हा सीटीसी वापरायचे, कार्बन टेट्राक्लोराईड, हेड चकाचक व्हायचं पण ते यकृताला विष आहे, कुणी जुन्या बाटलीतलं दिलं तरी घेऊ नका. कापसाची काडी हेडला अजिबात नको, तिचा तंतू हेडच्या फटीत अडकतो. मऊ चामड्याचा म्हणजे शॅमॉयचा तुकडा सगळ्यात बरा, नाही मिळाला तर स्वच्छ गुळगुळीत कोरा कागद.

व्हीसीआरची पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दहा मिनिटं थांबा. वरचं झाकण उघडा. ज्या बाजूला वायर आत जाते आणि ट्रान्सफॉर्मर दिसतो त्या भागाला शिवू नका. मधोमध चकचकीत, किंचित कललेला धातूचा गोल दिसेल, चहाच्या कपाएवढा, तो ड्रम. त्याच्या कडेला बारीक खाचेत हेड आहे, केसाच्या जाडीएवढंच बाहेर आलेलं, काचेसारखं ठिसूळ. आयपीएत भिजवलेला तुकडा ड्रमच्या कडेला एका बोटाने सपाट धरा, दाबू नका, आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळू फिरवा. बोट जागेवर, ड्रम फिरतो. वर-खाली एकदाही घासायचं नाही, तसं घासलं की हेड तुटतं आणि मग व्हीसीआर बाद. तुकड्यावर तपकिरी-काळी रेघ उमटते ती टेपची झडलेली पूड. रेघ उमटणं बंद होईपर्यंत नवीन नवीन तुकडा घ्या. आवाजाचं स्थिर हेड आणि टेप ज्या खांबांवरून जाते ते स्टीलचे खांबही पुसा, तिथे काडी चालते. रबरी पिंच रोलरला मात्र आयपीए नको, रबर कडक होतं, त्याला किंचित ओलं फडकं पुरे. पंधरा-वीस मिनिटं सुकू द्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर उगाच घाबराल. झाकण उघडं ठेवून भर उजेडात व्हीसीआर चालवला तर तो मधेच थांबतो किंवा उलटा फिरायला लागतो. कॅसेटच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टेप असते आणि तिच्यातून जाणारा प्रकाश ओळखून मशीन 'टेप संपली' समजतं, वरून ट्यूबलाइट पडली की त्याला तसंच वाटतं. झाकण लावून मगच चालवा. आधी परीक्षा कॅसेट, मग खरी.

तरी थांबतो किंवा टेप खातो

प्ले दाबल्यावर गुंडाळणारं चाक फिरलं नाही तर टेप आत साचते, म्हणून व्हीसीआर काही सेकंदांत थांबतो. बहुतेक वेळा आतलं छोटं रबरी चाक, आयडलर, गुळगुळीत झालेलं असतं किंवा बेल्ट सैल. आपल्या उन्हाळ्यात हे रबर लवकर मरतं. मशीन बदलणं हाच सोपा उपाय, कारण सुटे भाग आता शोधून शोधून मिळतात. जगात व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं, त्यानंतर आहेत ते सगळे जुनेच. म्हणून कुणी घरातला चालू व्हीसीआर भंगारात काढत असेल तर लायब्ररीसाठी मागून घ्या, खरंच घ्या.

टेप आत अडकली असेल तर ओढायची नाही. कॅसेट बाहेर येत नसेल तरी ओढायची नाही. झाकण उघडून, पिन काढून, टेप खांबांवरून एकेक करून सोडवायची. बाहेर आल्यावर कॅसेटच्या खालच्या बाजूला मधोमध एक छोटं भोक आहे, त्यात पेन्सिल हलकी दाबली की चाकं मोकळी होतात, मग बोटाने चाक फिरवून लूप आत घ्या.

कवच फुटलं असेल तर खालचे ५ स्क्रू काढून दोन्ही गुंडाळ्या तशाच दुसऱ्या चांगल्या कवचात ठेवता येतात. आधी फोटो काढा, टेपचा रस्ता विसरतो. झडपेची स्प्रिंग उडते, ती सांभाळा. लेबल मात्र जुन्या कवचावरचं सोलू नका, ते कवचच ठेवा. एका लेबलवर 'धडगाव, जि. धुळे' असं लिहिलं होतं. धडगाव आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, आणि तो जिल्हा धुळ्यातून फुटून १ जुलै १९९८ ला झाला, म्हणजे बहुतेक त्या आधीचं चित्रीकरण. आत होळीच्या आदल्या संध्याकाळी पावरा आदिवासी पोरं ढोल तापवतायत. तारीख कुठेच नव्हती, लेबलनेच सांगितली.

टेप तुटली असेल तर साध्या सेलोटेपने जोडू नका. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, शेजारच्या थरांना लागतो आणि मग फिरणाऱ्या हेडला.

इथे थांबायचं

दोनदा हेड साफ करूनही परीक्षा कॅसेटला मुंग्या येत असतील तर हेड झिजलंय, तिसऱ्यांदा घासू नका, मशीन बदला. रिवाइंडला टेप किंचाळते, चिकटते, खांबांवर तपकिरी चिकट थर बसतो, तर टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारं द्रव्य हवेतल्या ओलाव्याने फुटलंय. व्हीएचएसमध्ये हे कमी दिसतं, यूमॅटिक या जुन्या पद्धतीच्या पाऊण इंची कॅसेटींमध्ये जास्त. त्याला ठराविक तापमानाला तासन्‌तास तापवून तात्पुरतं सुधारतात पण ते प्रयोगशाळेचं काम आहे, घरच्या ओव्हनमध्ये अजिबात नाही. बुरशी गुंडाळीच्या आत गेली असेल, छत गळून किंवा पुरात कॅसेट भिजली असेल, किंवा ती जगातली एकुलती एक प्रत असेल आणि तुमचा हात अजून बसलेला नसेल, तर थांबा. चिखलाच्या पाण्यात भिजलेली कॅसेट सुकवूही नका, फ्रीजरमध्येही नको, स्वच्छ गार पाण्यात ठेवून लगेच माणूस गाठा.

पुण्या-मुंबईला हे काम करणारे आहेत. त्यांना तीन गोष्टी विचारा. बुरशीच्या कॅसेटींसाठी वेगळं मशीन आहे का? सिग्नल स्थिर करणारा टाइमबेस करेक्टर वापरता का? मूळ कॅसेट परत द्याल ना? फाइल ७२० बाय ५७६, २५ फ्रेमची, इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांची) तशीच, शक्यतो लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीच न गाळणारी मागा. बघण्यापुरती एमपी४ वेगळी. डीव्ही या थोड्या दाबलेल्या प्रकारची फाइलच तासाला साधारण १३ जीबी होते, म्हणून दोन हार्डडिस्क आधी घेऊन ठेवा आणि त्या दोन वेगवेगळ्या इमारतींत.

सगळं एकदम करायला पैसा नसतो, तेव्हा क्रम लावा. १५ ऑगस्ट १९८४ ला यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) कंट्रीवाइड क्लासरूम हा शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी ते कार्यक्रम टेप करून ठेवले, ते नंतर. बाजारातून आणलेल्या शैक्षणिक कॅसेटीही नंतर, त्यांना कॉपीराइटचाही प्रश्न आहे. आधी तुमच्याच कॉलेजने काढलेलं, गॅदरिंग, व्याख्यानं, अहिराणी गाणी, सातपुड्यातली शिबिरं. नर्मदेकाठचं मणिबेली सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. त्या काठच्या गावांत कुठल्या विद्यार्थ्याने तेव्हा कॅमेरा नेला असेल तर ते चित्रीकरण परत कुणी करू शकणार नाही.

पाठवताना कॅसेटी सुरुवातीपर्यंत रिवाइंड करून, उभ्या, जाड खोक्यात, मधे पुठ्ठा घालून भरा. प्रत्येकीवर दाखल क्रमांक आणि काय होतंय ते लिहा, 'खराब' असं नाही, 'चौथ्या मिनिटाला मुंग्या, आवाज ठीक' असं. एसटीच्या डिकीत टाकू नका, मांडीवर घेऊन रात्रीच्या गाडीने जा, आणि मे महिन्यात नको, डिसेंबर-जानेवारीत जा.